न्यूझीलंडमधले बायकर आणि एसीसी लेव्ही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑकलंड किंवा वेलिंग्टनला येऊन स्थिरावलेला मराठी माणूस आधी कार घेतो. मग दोन-चार वर्षांनी जुनी हौस डोकं वर काढते आणि दारात बाईक येते. पहिला रेगो भरायची वेळ आली की फोन सुरू होतात, "अहो, इथे दुचाकीला चारचाकीपेक्षा जास्त कसे लावतात?" प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. रेगोमधल्या एसीसी लेव्हीवरून, म्हणजे सक्तीच्या आकारणीवरून, बायकर आणि सरकार यांच्यात जुना वाद आहे. मी स्वतः बाईक चालवतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही. पण सरकारच्या बाजूचा, बायकरांना सगळ्यात अडचणीचा आकडाही खाली दिला आहे.

रेगोच्या पावतीत एवढी मोठी रक्कम कसली असते?

एसीसीची. रेगो म्हणजे गाडी रस्त्यावर आणायचा परवाना. तो तीन, सहा किंवा बारा महिन्यांसाठी घेता येतो. पावतीत परवान्याची फी असते, जीएसटी असतो, आणि मोठ्या बाईकच्या बाबतीत बाकी सगळ्याला मागे टाकणारी एसीसी लेव्ही असते. ६०० सीसीच्या वरची बाईक असेल तर साध्या पेट्रोल कारच्या रेगोच्या कितीतरी पट भरावे लागतात.

एसीसी म्हणजे ॲक्सिडेंट कॉम्पेन्सेशन कॉर्पोरेशन, ही सरकारी संस्था. १ एप्रिल १९७४ पासून ती न्यूझीलंडमधल्या प्रत्येक अपघाती दुखापतीचा खर्च उचलते. शिडीवरून पडा, रग्बी खेळताना खांदा निखळू द्या, नाहीतर बाईकवरून आपटा. उपचार, पुनर्वसन, गरज पडली तर घरात रॅम्प बसवणं, आणि कामावर जाता येत नसेल तर पहिल्या आठवड्यानंतर पगाराच्या ८० टक्के रक्कम. खाजगी विमा कंपनी मध्ये कुठेच येत नाही.

चूक कोणाची होती हे बघत नाहीत, हे खरं का?

खरं आहे, आणि सगळा वाद समजून घ्यायचा तर हा मुद्दा आधी पक्का करून घ्या.

आपल्याकडे अपघात झाला की पंचनामा, एफआयआर, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करा, उत्पन्नाचे दाखले द्या, तारखा घ्या. चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई भारतातही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत असल्यास अडीच लाख मिळतात. पण ती ठरावीक रक्कम. पायात रॉड पडलेला, वर्षभर घरी बसलेला माणूस तेवढ्यात भागवू शकत नाही, म्हणून वकील आलाच.

न्यूझीलंडमध्ये हा रस्ताच बंद केला आहे. दुखापतीच्या भरपाईसाठी समोरच्यावर दावा ठोकायचा हक्क लोकांनी सोडला आणि त्या बदल्यात एसीसी मिळाली. न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ साली अहवाल दिला. त्यातलं पहिलं तत्त्व होतं सामूहिक जबाबदारी: अपघात हा सगळ्या समाजाच्या धावपळीचा परिणाम आहे, तेव्हा त्याचा भारही सगळ्यांनी उचलायचा. १९७२ मध्ये कायदा झाला आणि दोन वर्षांनी योजना सुरू झाली.

"आम्ही कोर्टात जायचा हक्क सोडला तो या बोलीवर" हे वाक्य बायकरच्या तोंडून ऐकाल तेव्हा त्याच्या मनात हा सौदा असतो.

मग एसीसीकडे पैसे येतात कुठून?

पाच वेगवेगळ्या खात्यांतून. कामावरच्या दुखापतींचं एक खातं, त्यात मालक भरतात. नोकरदारांच्या कामाबाहेरच्या दुखापतींसाठी पगारातून कापलं जातं. मुलं, गृहिणी, निवृत्त लोक यांचं सरकार भरतं. उपचारांमधून झालेल्या इजेचं वेगळं खातं आहे. आणि सार्वजनिक रस्त्यावर चालत्या वाहनामुळे झालेल्या दुखापतींसाठी मोटार वाहन खातं. त्यात दोन वाटांनी भर पडते: पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे काही सेंट आणि रेगोमधली लेव्ही. डिझेलवर अशी लेव्ही नाही, म्हणून डिझेल गाडीच्या रेगोमध्ये ती जास्त असते.

बाईक पेट्रोल कमी पिते, म्हणून पंपावर तिच्याकडून कमी जमा होतं. एसीसी हे आवर्जून सांगते.

२००९ मध्ये एवढं काय घडलं?

त्या ऑक्टोबरात एसीसीने २००८-०९ या वर्षाची ४.८ अब्ज डॉलरची तूट जाहीर केली. जॉन की यांचं नॅशनल पक्षाचं सरकार येऊन वर्ष होत होतं, एसीसी खातं निक स्मिथ यांच्याकडे होतं. लेव्हीवाढीचा प्रस्ताव आला तेव्हा वाढ सगळ्यांनाच होती, पण दुचाकीवाल्यांच्या वाट्याला आलेले आकडे असे (न्यूझीलंड डॉलरमध्ये, वर्षाला):

६०० सीसीच्या वरची बाईक: सुमारे २५३ वरून ७४६.
१२६ ते ६०० सीसी: २५३ वरून ५११.
मोपेड: ५९ वरून २५८.

मोपेडचा आकडा पुन्हा एकदा वाचा. हार्लेवाल्यांबद्दल कोणाला फारशी सहानुभूती नसते, पण कॉलेजला जाणाऱ्या पोरीच्या ५० सीसी स्कूटरवर चौपट? इथे बायकर नसलेले लोकही चमकले.

१७ नोव्हेंबर २००९ ला देशभरातून हजारो बाईक वेलिंग्टनच्या संसदेवर जाऊन धडकल्या. दक्षिण बेटावरचे लोक बाईक फेरीत घालून कुकची सामुद्रधुनी ओलांडून आले. मोर्चाला नाव दिलं होतं 'बाइकॉय', माओरी लोकांच्या 'हिकॉय' या पायी मोर्च्यावरून. राजधानीत दुचाकींचा इतका मोठा मोर्चा कधी निघाला नव्हता. टूरिंगवाले, स्कूटरवाले, पांढऱ्या दाढीचे आजोबा आणि पाठीवर टोळीचं चिन्ह मिरवणारे एरवी एकमेकांकडे बघतही नाहीत. त्या दिवशी ते एका रांगेत होते.

सरकारचं म्हणणं चूक होतं का?

अजिबात नाही, आणि बायकरांनी हे मान्य न केल्याने त्यांची बाजू लंगडी पडते.

सरकारने मांडलेला हिशोब साधा होता. दुचाकींच्या अपघातांवर वर्षाला सुमारे ६ कोटी २० लाख डॉलर खर्च, आणि दुचाकीवाल्यांकडून लेव्हीपोटी जमा सुमारे १ कोटी २० लाख. उरलेले ५ कोटी कारवाल्यांच्या खिशातून. दुचाकीवरचा माणूस आपटला की हाडं मोडतात, मेंदूला मार लागतो, कधी मणका जातो. विशीतल्या मुलाचा मणका गेला तर एसीसीला पुढची पन्नास वर्षं त्याचं बघावं लागतं. असा एक क्लेम कारमधल्या मान लचकण्याच्या शेकडो क्लेमना भारी पडतो.

त्यात हिशोबाची पद्धतही बदललेली होती. सुरुवातीला एसीसी त्या त्या वर्षाचा खर्च त्या वर्षी गोळा करायची. १९९९ पासून 'फुल फंडिंग' आलं. म्हणजे यंदा जखमी झालेल्याचा आयुष्यभराचा अंदाजे खर्च यंदाच्याच लेव्हीतून उभा करायचा. वर १९९९ च्या आधीच्या जखमींचा साचलेला बोजाही फेडायचा. २००९ चा बायकर स्वतःचं भविष्य आणि आधीच्या पिढीचा भूतकाळ, दोन्हींचे हप्ते भरत होता. हा बोजा फेडायची मुदत २०१४ होती. ती पुढे २०१९ पर्यंत वाढवली आणि लेव्हीवरचा ताण थोडा हलका झाला. मुदत हलवून भागत होतं, तर २००९ मध्ये एवढी घाई कशाची होती, हा प्रश्न बायकरांनी विचारला. रास्तच होता.

बायकरांचा मुख्य आक्षेप कोणता?

पैशाचा आहेच, पण त्याखाली दुसरा आहे.

चौकात घडतं ते बघा. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखीच वाहतूक डावीकडून. तुम्ही सरळ चालला आहात, हिरवा सिग्नल, हेडलाइट चालू. समोरून येणारी कार उजवीकडे वळायला थांबलेली. ड्रायव्हर तुमच्याकडे बघतो, निदान तुम्हाला तसं वाटतं, आणि तुम्ही वीस मीटरवर असताना वळतो. तुमचा उजवा गुडघा त्याच्या डाव्या दारावर. खाली उतरून तो मनापासून म्हणतो, "सॉरी मित्रा, दिसलाच नाहीस!" जगभरचे बायकर या वाक्यावर कडवट विनोद करतात, कारण प्रत्येकाने ते एकदा तरी ऐकलेलं असतं.

आता हिशोब. चूक कारची. एसीसी चूक बघत नाही, म्हणून तुम्हाला उपचार मिळतात. छान. पण खर्च कोणाच्या नावावर पडतो? दुखापत दुचाकीस्वाराला झाली, म्हणून 'दुचाकी' या रकान्यात. पुढच्या वर्षी लेव्ही ठरवताना तो रकाना फुगलेला दिसतो आणि वाढ दुचाकीवर येते. चूक करणाऱ्या त्या कारवाल्याच्या रेगोमध्ये त्या वळणासाठी वेगळं काही वाढत नाही.

बायकरांचं म्हणणं असं की योजना चूक बघत नसेल तर कोणाचीच बघू नये, सगळ्यांवर सारखं वाटून टाकावं. आणि धोक्याप्रमाणे वसूल करायचं असेल तर मग चूकही बघा, आणि आमचा कोर्टात जायचा हक्क परत द्या. भरपाई देताना सामूहिक जबाबदारी आणि वसुलीला विमा कंपनी, हे एकाच वेळी चालणार नाही.

मला यातलं बहुतेक सगळं पटतं. एक पुस्ती जोडतो: बरेच दुचाकी अपघात एकट्या बाईकचेच असतात. वळणात जास्त वेग, खडीवर घसरलेलं चाक, रविवारी दुपारी दोस्तांच्या मागे मागे अंदाजाबाहेर गेलेला पन्नाशीचा गडी. तिथे दोष द्यायला कार नसते.

सीसीवरून लेव्ही ठरवणं योग्य आहे का?

सोयीचं आहे. १,२०० सीसीची वजनदार टूरर चालवणारा साठीचा माणूस आणि ६०० सीसीची सुपरस्पोर्ट उडवणारा बावीस वर्षांचा मुलगा यांत धोका कोणाला जास्त, हे सांगायला ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याचा धोका मोजणारा गणिती, लागत नाही. पण पहिला वरच्या स्लॅबमध्ये भरतो, दुसरा खालच्या. आरसीवर इंजिनाचा आकडा छापलेला असतो, स्वभाव छापलेला नसतो, म्हणून सीसी.

माझ्याकडे तीन बाईक आहेत. तीनदा लेव्ही का?

कारण लेव्ही वाहनावर आहे, माणसावर नाही. एका वेळी एकाच बाईकवर बसता येतं, हे एसीसीलाही ठाऊक आहे. कारवाल्यांच्या बाबतीतही हेच घडतं, फक्त त्यांची रक्कम लहान असल्याने टोचत नाही. लेव्ही लायसन्सवर लावा, ही बायकर संघटनांची जुनी मागणी आहे. पण मग पेट्रोल लेव्ही, पर्यटक आणि भाड्याच्या गाड्या यांचं काय करायचं, हा गुंता सुटत नाही.

सायकलवाले आणि रग्बीवाले काय भरतात?

सायकलवर लेव्ही नाही. सायकलवाल्याला कारने उडवलं तर खर्च मोटार वाहन खात्यातून, एकटाच पडला तर दुसऱ्या खात्यातून. रग्बीच्या दुखापती सगळ्या नोकरदारांच्या पगारातून भरल्या जातात. रविवारी टीव्हीसमोर बसणाराही त्यात आला. शनिवारी मैदानात उतरणाऱ्याला वेगळी 'रग्बी लेव्ही' लावायची कोणत्या मंत्र्याची हिंमत आहे? या देशात रग्बीला हात लावणं म्हणजे आषाढीला वारीवर कर लावण्यासारखं.

मोर्च्याचा काही उपयोग झाला का?

झाला. डिसेंबर २००९ मध्ये सरकारने जाहीर केलेले आकडे प्रस्तावापेक्षा बरेच खाली होते: १२६ ते ६०० सीसीला ३२७ डॉलर, ६०० च्या वर ४२७. १ जुलै २०१० पासून ते लागू झाले. ७४६ वरून ४२७ म्हणजे विजय म्हणायचा, की २५३ वरून ४२७ म्हणजे पराभव, हे ज्याने त्याने ठरवावं. आधी अवाच्या सवा मागायचं आणि मग 'ऐकलं बरं का तुमचं' म्हणत हवं तेवढं घ्यायचं, ही बाजारातली जुनी रीत आहे असं बरेच बायकर आजही म्हणतात. त्याला पुरावा काही नाही, पण संशय जात नाही.

सोबत वर्षाला ३० डॉलरची वेगळी मोटरसायकल सेफ्टी लेव्ही आली.

त्या ३० डॉलरचं काय होतं?

ते फक्त दुचाकींच्या सुरक्षिततेवर खर्च करायचे, अशी अट आहे. कुठे, याचा सल्ला द्यायला बायकरांचीच एक सल्लागार परिषद नेमली. लेव्हीच्या भांडणातून निघालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, असं माझं मत.

त्या काळात 'राइड फॉरएव्हर' नावाचे प्रशिक्षण वर्ग सुरू झाले. फी नाममात्र, बाकीचा खर्च एसीसी करते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. एक प्रशिक्षक मूठभर शिकाऊंना घेऊन दिवसभर खऱ्या रस्त्यावर फिरवतो, कानात हेडसेट लावून बोलत राहतो: "नजर वळणाच्या टोकाला, पुढच्या चाकाकडे नको." पुण्या-मुंबईत पंधरा वर्षं बाईक चालवलेल्या माणसाला वाटतं, मला काय शिकवणार? जाऊन या. गर्दीत बाईक काढायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, पण ताशी १०० च्या घाटवळणावर दोन्ही ब्रेक कसे दाबायचे हे आपण कुठे शिकलेलो असतो?

रस्त्यांच्या कामाचाही प्रश्न आहे. दुभाजक म्हणून लावलेल्या तारांच्या कुंपणाला बायकर 'चीज कटर' म्हणतात. कारला ते वाचवतं. त्यावर आदळलेल्या दुचाकीस्वाराचं काय होईल, हे त्या नावातच आलं. कुंपणाच्या खांबांवर संरक्षक आवरण बसवणं, वळणावरची निसरडी डागडुजी काढणं, अशा गोष्टींसाठी दुचाकीवाल्यांचा आवाज समितीत असणं उपयोगाचं ठरतं.

हिवाळ्यात रेगो 'होल्ड'वर ठेवतात म्हणे. कायदेशीर आहे का?

पूर्ण कायदेशीर. बाईक किमान तीन महिने रस्त्यावर आणणार नसाल तर तसं कळवायचं, त्या काळाची लेव्ही लागत नाही. कळवायचं मात्र चालू रेगो संपायच्या आत, नाहीतर मधल्या दिवसांचे पैसे मागे लागतात. जून ते ऑगस्ट बरेच जण हेच करतात. लेव्ही वाढली तसं हे प्रमाण वाढलं, यात नवल नाही. होल्डवर असताना बाईक "जरा कोपऱ्यावर दूध आणायला" काढलीत तर दंड आहे.

ऑस्ट्रेलियातही असंच आहे का?

व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, १२५ सीसीच्या वरच्या बाईकवर २००२ पासून सेफ्टी लेव्ही आहे, सुरुवातीला वर्षाला ५० डॉलर. तिथेही बायकर रस्त्यावर उतरले, तिथेही ती राहिलीच. न्यूझीलंडच्या बायकरांना पुढे काय येणार याचा अंदाज होता, तो तिथूनच.

भारतात थर्ड पार्टी प्रीमियमही सीसीवरच असतो. मग इथेच कुरकुर का?

भारतात जून २०२२ च्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १,३६६, आणि ३५० च्या वर २,८०४, जीएसटी वेगळा. ३५० च्या वर एकदम दुप्पट, त्यामुळे तिथेही कुरकुर आहेच. पण त्या पैशांत काय मिळतं ते वेगळं. थर्ड पार्टी विमा तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरतो. तुम्ही स्वतः पडलात तर त्यातून तुम्हाला काही नाही, त्यासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि तेही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. एसीसी लेव्ही महाग आहे, पण ती तुमचं प्लास्टर, फिजिओ आणि बुडालेला पगार भरते.

म्हणजे एसीसी असताना वेगळा विमा नको?

इथे बरेच जण फसतात! एसीसी फक्त माणसाचं बघते. बाईकचा चक्काचूर झाला, किंवा तुम्ही कोणाच्या नव्या कोऱ्या बीएमडब्ल्यूचं दार चेपलंत, तर एसीसीचा काही संबंध नाही. आणि न्यूझीलंडमध्ये वाहनविमा सक्तीचा नाही. भारतातून आलेल्याला हे पटतच नाही, "थर्ड पार्टीसुद्धा नाही?" नाही. पण म्हणून न घेण्याचा शहाणपणा करू नका. निदान थर्ड पार्टी घ्याच.

आई-बाबा किंवा मित्र भारतातून फिरायला आले आणि बाईक भाड्याने घेतली तर?

न्यूझीलंडच्या भूमीवर झालेल्या अपघाती दुखापतीचे उपचार एसीसी पर्यटकालाही देते. रेगो कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. पण भारतातला बुडालेला पगार, बदललेलं विमानाचं तिकीट, घरी परतल्यावरचे उपचार यांसाठी प्रवास विमाच हवा. आणि तो घेताना दुचाकी चालवणं त्यात धरलंय का, किती सीसीपर्यंत, हे बारीक अक्षरात वाचा. बऱ्याच पॉलिसी तिथेच हात वर करतात.

आता पुन्हा वाढ आली तर आपण काय करू शकतो?

लेव्हीचे दर बदलण्याआधी एसीसीला लोकांकडून मतं मागवावी लागतात. २०२५ पासूनच्या दरांसाठी २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अशी फेरी झाली होती. ऑनलाइन फॉर्म असतो, नागरिकत्व लागत नाही, रेगो भरणारा कोणीही लिहू शकतो. मुदत थोड्याच आठवड्यांची असते, म्हणून बातमी दिसली की लगेच बसा.

'ही लूट आहे' एवढंच लिहिलेली हजार पत्रं एका ओळीत गुंडाळली जातात. त्यापेक्षा तुमच्या रोजच्या रस्त्यावरचं उजवीकडे वळायचा चौक, तिथे कारसाठी वेगळा बाणाचा सिग्नल नसणं, 'राइड फॉरएव्हर' केलेल्यांना लेव्हीत सवलत, एकापेक्षा जास्त बाईकवाल्यांची एकच लेव्ही, असं नेमकं काहीतरी मागा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. आणि कामाला मोपेडवरून जाणारी, डिलिव्हरी करणारी आपली विद्यार्थी मुलं असतील तर त्यांना आधी लिहायला सांगा. संसदेसमोर गाजतात मोठ्या बाईक, पण २००९ मध्ये सगळ्यात मोठी टक्केवारी मोपेडच्या वाट्याला आली होती, आणि मोपेडवाल्यांची संघटना नसते.